प्रतिष्ठेच्या घड्याळाची खरेदी आणि नवखा संग्राहक : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय घडामोडी, चळवळी आणि आर्थिक धोरणे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे माणसाच्या अंगावरील वस्तूंना मिळाले नाही. दागिने आणि वस्त्रे यांचा काही प्रमाणात अभ्यास झाला. परंतु मनगटावरील घड्याळ मात्र दुर्लक्षित राहिले. वास्तविक गेल्या दीडशे वर्षांत भारतीय समाजात परदेशी व्यापार, रेल्वे, सरकारी परवाने, तस्करी, सार्वजनिक उद्योग आणि उदारीकरण असे जे जे टप्पे आले, त्या प्रत्येकाची खूण घड्याळावर उमटलेली आढळते.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या, नियमित वेतन असलेल्या वर्गातही नामांकित स्विस घड्याळ घेण्याची इच्छा निर्माण झालेली दिसते. असे घड्याळ पहिल्यांदाच घेऊ पाहणाऱ्यास लवकरच कळते की, नुसते पैसे असून भागत नाही. हवे ते घड्याळ दुकानात उपलब्ध नसते, प्रतीक्षा यादी असते, बाहेरच्या बाजारात तेच अधिक किमतीत मिळते आणि तेथे ते अस्सल असेल याची हमी नसते. ही परिस्थिती वरवर पाहता नवी वाटते. परंतु दुर्मीळ घड्याळ, त्यासाठीची प्रतीक्षा आणि मध्यस्थावरील विश्वास या तिन्ही गोष्टी वऱ्हाडच्या ग्राहकाला जुन्याच आहेत. प्रस्तुत निबंधात या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वऱ्हाडात, विशेषतः यवतमाळ जिल्ह्याच्या परिसरात, यांत्रिक घड्याळ कोणत्या आर्थिक व सामाजिक परिस्थितीत पोहोचले याचा शोध घेणे.
२. घड्याळाच्या दुर्मीळतेची कारणे काळानुरूप कशी बदलली ते तपासणे.
३. नवख्या संग्राहकासाठी इतिहास संशोधनातील साधन-परीक्षणाची पद्धती कितपत उपयुक्त ठरते ते पाहणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

एखादे घड्याळ 'हवेहवेसे' होण्यामागे त्याच्या यंत्रातील गुणांइतकीच त्या काळातील टंचाई कारणीभूत असते आणि ही टंचाई प्रत्येक काळात वेगळ्या शक्तीने निर्माण केलेली असते, हे या निबंधाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रामुख्याने प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. घड्याळाच्या तांत्रिक अंगाची चर्चा आवश्यक तेवढीच केली आहे.

घटिकापात्रापासून रेल्वेच्या वेळेपर्यंत

यांत्रिक घड्याळ येण्यापूर्वी वऱ्हाडच्या ग्रामीण समाजात कालगणना होत नव्हती असे नाही. दिवसाचे आठ प्रहर, साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे ही व्यवस्था सर्वत्र रूढ होती. एक घटिका म्हणजे आजच्या हिशेबाने २४ मिनिटे. लग्नमुहूर्तासाठी पाण्यावर घटिकापात्र ठेवण्याची पद्धत होती. शेतीची कामे मात्र सूर्य आणि नक्षत्रे यांच्यावर चालत. या व्यवस्थेत वेळ स्थानिक होती. प्रत्येक गावाची दुपार त्या गावाच्या सूर्याप्रमाणे होत असे.

या स्थानिक वेळेला पहिला धक्का रेल्वेने दिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असत. यवतमाळचे रेखांश सुमारे ७८.१ अंश पूर्व आणि मद्रासचे सुमारे ८०.२५ अंश पूर्व. त्यामुळे यवतमाळच्या सूर्यापेक्षा रेल्वेचे घड्याळ सुमारे साडेआठ मिनिटे पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि हे अंतर सुमारे साडेसतरा मिनिटांचे झाले. मुंबई शहराने प्रमाणवेळेला विरोध करून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ पुढे अनेक दशके जपली. वऱ्हाडात असा वाद गाजला नाही. परंतु आकाशातील सूर्यावरून आता 'खरी' वेळ कळत नाही, ती कोणाच्या तरी घड्याळातच पाहावी लागते, ही जाणीव येथेही रुजली. घड्याळाला प्रतिष्ठा मिळण्याचा प्रारंभ येथे आहे. ज्याच्याजवळ घड्याळ, त्याच्याजवळ कचेरीची, गाडीची आणि पर्यायाने सरकारची वेळ, असे समीकरण तयार झाले.

यवतमाळ शहर मुख्य रेल्वेमार्गापासून दूरच राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालील कंपनीने चालविला. पुढे 'शकुंतला' या नावाने लोकप्रिय झालेल्या या गाडीचे प्रमुख प्रयोजन कापूस वाहून नेणे हे होते.

कापूस, मुंबई आणि स्विस पेढ्या

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग पूर्वी 'वून', म्हणजे वणी, या नावाच्या जिल्ह्यात मोडत असे. १९०५ च्या पुनर्रचनेनंतर यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव रूढ झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-१८६५) इंग्लंडला होणारा तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. या व्यापारातील नफ्याचा मोठा वाटा मुंबईत साठला. प्रेमचंद रायचंद हे या काळातील कापूस व शेअर व्यापाराचे प्रमुख नाव होय. त्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर उभा राहिला व तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. मुंबईच्या या सर्वांत प्रसिद्ध सार्वजनिक घड्याळामागे कापसाचा पैसा होता आणि त्या कापसात वऱ्हाडचाही वाटा होता, ही गोष्ट यवतमाळच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच काळात स्विस घड्याळांच्या पेढ्यांनी मुंबईकडे लक्ष वळविले. १७३७ पासून घड्याळ व्यवसायात असलेल्या फेवर-ल्युबा घराण्याने १८६० च्या दशकात मुंबईत बस्तान बसविले. १८८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट-इमिये येथील अल्सिद द्रोझ यांच्या पेढीने मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनी सुरू केली. भारतातील उष्णता, धूळ आणि दमटपणा सहन करणारी मजबूत घड्याळे हा या कंपनीचा विशेष होता. सैन्य आणि रेल्वे यांतील नोकरवर्ग तिचा मोठा ग्राहक होता. पहिल्या महायुद्धापर्यंत मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. पुरुष खिशात साखळीचे घड्याळ बाळगत. खंदकातील सैनिकाला खिशात हात घालून वेळ पाहणे गैरसोयीचे झाले आणि घड्याळ मनगटावर आले. याच काळात वेस्ट एंडने बाजारात आणलेल्या घड्याळाचे नाव 'सोवार', म्हणजे घोडेस्वार, असे होते. भारतीय शब्दाने ओळखले जाणारे हे स्विस घड्याळ पुढे अनेक घरांत वडिलोपार्जित ठेव बनले.

या पहिल्या कालखंडात टंचाईचे कारण अंतर हे होते. घड्याळ स्वित्झर्लंडहून मुंबईस आणि मुंबईहून वऱ्हाडात येत असे. वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद अशा बाजारपेठांतील ग्राहकाला माल पाहून घेण्याची सोय मर्यादित होती. विकणाऱ्या माणसाची पत हीच घड्याळाची हमी होती. आपल्या गावातील घड्याळजीला ते यंत्र उघडता आणि दुरुस्त करता येते की नाही, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा होता.

परवाना, चोरटी आयात आणि 'जनता'

स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र चणचण निर्माण झाली आणि चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी घड्याळ कायदेशीर मार्गाने मिळणे दुरापास्त झाले. मागणी मात्र कमी झाली नाही. पश्चिम किनाऱ्यावरून सोने, कापड, ट्रान्झिस्टर यांबरोबर घड्याळांची चोरटी आयात होऊ लागली. शासनाला या प्रश्नाचे गांभीर्य किती वाटत होते, हे १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील कलम १२३ वरून दिसते. या कलमात ज्या वस्तूंचा नावानिशी उल्लेख आहे त्यांत सोन्याबरोबर घड्याळेही आहेत. अशी वस्तू चोरट्या आयातीची असल्याच्या वाजवी समजुतीने जप्त झाली, तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर न राहता वस्तू बाळगणाऱ्यावर येते. घड्याळाची पावती जपून ठेवण्याच्या सवयीला असा कायदेशीर अर्थही होता.

या टंचाईवर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, अर्थात एचएमटी. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या सार्वजनिक कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही नावे पुढील तीन दशके घरोघरी पोहोचली. 'जनता' हे चावी देण्याचे, साध्या तबकडीचे घड्याळ होते. परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलास, नोकरीत रुजू झालेल्या पुतण्यास किंवा निवृत्त होणाऱ्या शिक्षकास घड्याळ भेट देण्याची प्रथा या काळात दृढ झाली.

तथापि देशी उत्पादन सुरू झाले म्हणून टंचाई संपली नाही. मागणीच्या मानाने पुरवठा अपुरा होता. विशेषतः 'कांचन' हे ऑटोमॅटिक घड्याळ इतके मागणीचे होते की, ते मिळविण्यासाठी थांबावे लागे, वशिला लावावा लागे किंवा छापील किमतीपेक्षा अधिक रक्कम मोजावी लागे. आज स्विस घड्याळांच्या संदर्भात ज्या प्रतीक्षा यादीचे नवल केले जाते, तिचा अनुभव भारतीय मध्यमवर्गाने सरकारी कारखान्यातील घड्याळासाठी अर्धशतकापूर्वी घेतला होता. फरक एवढाच की, तेव्हाची टंचाई अपुऱ्या उत्पादनाची होती.

लग्नातील घड्याळ

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात घड्याळाचा विचार कापसाच्या हंगामाशी जोडूनच करावा लागतो. सीतादही होऊन पहिली वेचणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या हाती वर्षातील पहिला रोख पैसा येई. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होई. पैसा येण्याचा आणि लग्ने ठरण्याचा काळ जवळजवळ एकच. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाल्यावर कापसाचे पैसे शासकीय यंत्रणेमार्फत मिळू लागले. परंतु पैसा आणि लग्न यांची ही सांगड तशीच राहिली. जावयाला द्यावयाच्या वस्तूंत सायकल, रेडिओ, अंगठी यांच्या जोडीने घड्याळ आले.

येथे एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा १ जुलै १९६१ रोजी अमलात आला आणि एचएमटीचा घड्याळ कारखानाही त्याच वर्षी सुरू झाला. रोख हुंडा कायद्याने निषिद्ध ठरत असताना घड्याळ ही 'भेट' म्हणून सन्मानाने देता येणारी वस्तू उपलब्ध झाली. भेट आणि मागणी यांतील सीमारेषा पुसट असते. 'कांचन'ला बोलीभाषेत हुंड्याचे घड्याळ अशी ओळख मिळाली, हे या पुसटपणाचेच द्योतक आहे. वर-वधूंना मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्यासंबंधीचे नियम १९८५ मध्ये झाले, याचे कारणही तेच. ज्या घड्याळाकडे एका घरात कौतुकाने पाहिले गेले, त्याची किंमत दुसऱ्या घराने कर्ज काढून मोजली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. कोरडवाहू कापूस हेच प्रमुख पीक असलेल्या आणि पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिल्या गेलेल्या या जिल्ह्यात प्रतिष्ठेच्या वस्तूचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळणे अन्यायकारक ठरेल.

क्वार्ट्झचे आगमन आणि यांत्रिक घड्याळाचे रूपांतर

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. बॅटरीवर चालणारे हे तंत्र यांत्रिक घड्याळापेक्षा कितीतरी अचूक आणि काही वर्षांतच कितीतरी स्वस्त ठरले. स्वित्झर्लंडमध्ये १९७० मध्ये या व्यवसायात सुमारे ९०,००० लोक काम करीत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या ३०,००० च्या आसपास आली. भारतात टाटा समूह व तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांच्या संयुक्त प्रकल्पातून १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली. तिने क्वार्ट्झवर भर दिला आणि घड्याळ हे एकदाच घ्यावयाचे यंत्र नसून वेशभूषेचा भाग आहे, ही कल्पना ग्राहकांत रुजविली. एचएमटी या स्पर्धेत मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली.

वेळ पाहण्यासाठी यांत्रिक घड्याळाची गरज संपली, तेव्हाच ते चैनीची वस्तू म्हणून नव्याने जन्मास आले, हा विरोधाभास येथे महत्त्वाचा आहे. रोलेक्सच्या 'डेटोना' या घड्याळाचे उदाहरण बोलके आहे. १९६३ मध्ये आलेले हे घड्याळ प्रारंभीची अनेक वर्षे दुकानांत पडून राहत असे. त्याच प्रकारातील, अभिनेते पॉल न्यूमन यांनी वापरलेले घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीस विकले गेले. यंत्र तेच राहिले. बदलली ती समाजाची इच्छा.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामशी निगडित एक उदाहरणही येथे विचारात घेता येईल. महात्मा गांधींची खाजगी मालमत्ता जवळजवळ नव्हतीच. पण कमरेला लटकविलेले घड्याळ त्यांच्या नित्य वापरात असे. वेळ वाया घालविणे ही त्यांच्या दृष्टीने संपत्तीची उधळपट्टी होती. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे झेनिथ बनावटीचे खिशातील घड्याळ, चष्मा, चपला, वाटी व थाळी यांचा लिलाव १८ लाख डॉलरला झाला. घड्याळाचे मूल्य धातूत किंवा यंत्रात नसून त्याच्या मालकीच्या सिद्ध इतिहासात असू शकते, हे यावरून स्पष्ट होते. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या व्यक्तीचे घड्याळ श्रीमंतांच्या चढाओढीचा विषय व्हावे, यातील विसंगतीही तितकीच स्पष्ट आहे.

आजचा नवखा संग्राहक

आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ पर्यंत टप्प्याटप्प्याने उठले आणि परदेशी घड्याळ पुन्हा कायदेशीर मार्गाने उपलब्ध झाले. २०१८ च्या अर्थसंकल्पात मनगटी घड्याळांवरील मूळ आयात शुल्क १० वरून २० टक्के करण्यात आले. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघाशी भारताने मार्च २०२४ मध्ये केलेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यानुसार स्विस घड्याळांवरील शुल्क क्रमाक्रमाने कमी होत जाणार आहे. व्यवहाराच्या नोंदीबाबतही नियम कडक झाले. २ लाख रुपयांपेक्षा अधिक खरेदीसाठी २०१६ पासून पॅन क्रमांक आवश्यक झाला. एप्रिल २०१७ पासून २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास बंदी आली. आणि १० लाखांपेक्षा अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर विक्रेत्याने १ टक्का कर गोळा करण्याची तरतूद २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाली.

असे असूनही विशिष्ट घड्याळे मिळत नाहीत. या तिसऱ्या कालखंडातील टंचाई अंतराची नाही आणि कायद्याचीही नाही. ती मर्यादित उत्पादन आणि नियंत्रित वितरण यांतून येते. अधिकृत विक्रेते मागणीच्या घड्याळांसाठी जुन्या ग्राहकांना प्राधान्य देतात. त्यामुळे पहिल्यांदाच येणाऱ्या व्यक्तीची पाळी लांबते. अधीर ग्राहक मग अनधिकृत विक्रेत्याकडे किंवा वापरलेल्या घड्याळांच्या बाजाराकडे वळतो. २०२० ते २०२२ च्या प्रारंभापर्यंत या बाजारातील किमती वेगाने चढल्या आणि नंतर उतरल्या. घड्याळ ही हमखास वाढणारी गुंतवणूक आहे, अशा समजुतीने शिखरावर खरेदी करणारे अडचणीत आले. वऱ्हाडच्या अभ्यासकाला येथे १८६५ ची आठवण व्हावी. अमेरिकन युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईचा शेअर बाजार बुडाला आणि खुद्द प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे वाजले. भाव चढत असताना तो कायम चढतच राहील असे वाटणे, हा कापूस आणि घड्याळ या दोन्ही बाजारांचा समान दोष आहे.

बहिरंग व अंतरंग परीक्षण

इतिहासाच्या विद्यार्थ्यास कागदपत्र हाती आल्यावर प्रथम त्याचे बहिरंग परीक्षण आणि नंतर अंतरंग परीक्षण करण्यास शिकविले जाते. नवख्या संग्राहकास हीच शिस्त उपयोगी पडते.

बहिरंग परीक्षणात घड्याळ कोठून आले, हा प्रश्न प्रथम येतो. मूळ पावती, हमीपत्र, दुरुस्तीच्या नोंदी, पूर्वीच्या मालकाची माहिती हे घड्याळाचे दप्तर होय. हमीपत्रावरील क्रमांक आणि घड्याळावरील क्रमांक जुळले पाहिजेत. परंतु नुसती पेटी आणि कागद म्हणजे पुरावा नव्हे; ज्याप्रमाणे बनावट सनदा तयार होतात, त्याप्रमाणे बनावट हमीपत्रेही होतात.

अंतरंग परीक्षणात घड्याळ स्वतः काय सांगते ते पाहावयाचे असते. तबकडीवरील अक्षरांचे वळण, काट्यांचा आकार, आवरणावरील कोरीव क्रमांक आणि आतील यंत्र ही सर्व एकाच काळातील आहेत काय, हे तपासावे लागते. उदाहरणार्थ, रोलेक्सचा अनुक्रमांक पूर्वी पट्टा काढल्यावर आवरणाच्या कडेवर दिसत असे. २००५ नंतरच्या काळात तो हळूहळू काचेखालील आतल्या कड्यावर येऊ लागला. घड्याळ एका काळाचे आणि क्रमांकाची जागा दुसऱ्या काळाची असेल, तर कालविपर्यासाचा संशय घ्यावा. कागदपत्रात नंतरच्या काळातील शब्द आढळल्यास अभ्यासक जो संशय घेतो, तोच हा.

या संदर्भात संग्राहकांमध्ये रूढ असलेली 'मुंबई स्पेशल' ही संज्ञा महत्त्वाची आहे. एचएमटी, वेस्ट एंड, फेवर-ल्युबा इत्यादींच्या जुन्या घड्याळांची तबकडी नव्याने भडक रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून आणि आवरणाला झिलई देऊन ती जुनी पण कोरी म्हणून विकली जातात. अशी घड्याळे चालतात, स्वस्तही असतात; परंतु ऐतिहासिक साधन म्हणून त्यांचे मूल्य फारसे उरत नाही. मात्र ती तयार करणाऱ्या कारागिराकडे केवळ फसवणारा म्हणून पाहणे एकांगी होईल. सुटे भाग मिळेनासे झाले असताना बंद पडलेली यंत्रे चालती ठेवण्याचे कौशल्य याच वर्गाने टिकविले आहे. दोष दुरुस्तीत नसून दुरुस्ती लपविण्यात आहे.

जिल्ह्यातील दुर्लक्षित ठेवा

नवा संग्राहक महागड्या स्विस घड्याळाच्या शोधात असताना त्याच्या स्वतःच्या घरातील कपाटात आजोबांचे बंद पडलेले 'जनता' किंवा 'सोवार' असण्याची शक्यता असते. त्यावरील चरे, पट्ट्याची झीज, मागील बाजूस कोरलेले नाव किंवा लग्नाची तारीख ही अस्सल साधने आहेत. अशी घड्याळे भंगारात किंवा फेरीवाल्याकडे गेली की त्यांचे भाग सुटे होतात आणि त्यांच्याशी जोडलेली माहिती कायमची नष्ट होते. जुन्या बाजारपेठांतील घड्याळजींच्या दुकानांचीही स्थिती वेगळी नाही. भ्रमणध्वनीने वेळ पाहण्याची गरज भागविल्यापासून या व्यवसायात नवी पिढी येत नाही. एक घड्याळजी दुकान बंद करतो, तेव्हा दुरुस्तीचे कौशल्य आणि गावातील कोणत्या घरात कोणते घड्याळ होते ही स्मृती अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी लोप पावतात.

निष्कर्ष

१. घड्याळाची दुर्मीळता ही प्रत्येक काळात निर्माण केलेली परिस्थिती आहे. एकोणिसाव्या शतकात ती अंतरामुळे, १९५७ नंतर कायदा व अपुरे उत्पादन यांमुळे आणि आज नियंत्रित वितरणामुळे निर्माण झालेली दिसते. यावरून निबंधाचे गृहीतक ग्राह्य ठरते.
२. तिन्ही कालखंडांत मोठ्या शहरापासून दूर असलेल्या ग्राहकाला मध्यस्थावर विसंबून राहावे लागले. मध्यस्थाची पत तपासण्याची गरज आजही तितकीच आहे.
३. यवतमाळसारख्या कापूस उत्पादक जिल्ह्यात घड्याळाची खरेदी हंगामी रोख पैसा आणि विवाहसंस्था यांच्याशी जोडली गेली. त्यामुळे प्रतिष्ठेच्या घड्याळाचा इतिहास हा काही प्रमाणात कर्जाचा आणि हुंड्याचाही इतिहास ठरतो.
४. बहिरंग व अंतरंग परीक्षणाची पद्धती नवख्या संग्राहकाला आर्थिक फसवणुकीपासून बरेच संरक्षण देऊ शकते.
५. घड्याळाकडे गुंतवणूक म्हणून पाहणे धोक्याचे आहे. वापराची आणि अभ्यासाची वस्तू म्हणून पाहणे अधिक सुरक्षित व अधिक अर्थपूर्ण आहे.

शिफारशी

प्रथमच संग्रह करू इच्छिणाऱ्याने प्रारंभ घरातील जुन्या घड्याळापासून करावा. ते जाणकार कारागिराकडून उघडून पाहावे, यंत्राची ओळख करून घ्यावी आणि नंतरच मोठ्या खरेदीचा विचार करावा. महागडे घड्याळ घेताना खरेदीच्या किमतीबरोबर नियतकालिक दुरुस्तीचा खर्च आणि जवळचे अधिकृत सेवा केंद्र यांचाही हिशेब करावा. कर्ज काढून किंवा भाव वाढतील या भरवशावर खरेदी करू नये. पावतीशिवाय व्यवहार करू नये.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील घड्याळजींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा लघुप्रकल्प विद्यार्थ्यांना द्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील एका घड्याळाची नोंद, म्हणजे ते कोणी, केव्हा, कोठून आणि कोणत्या प्रसंगाने घेतले याची माहिती, छायाचित्रासह जमा करावी. फारसा खर्च न करता जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे एक मौलिक साधन यातून उभे राहू शकेल. स्विस घड्याळ आज ना उद्या कोठेतरी विकत मिळेल. घड्याळजीच्या आठवणी मात्र त्याच्याबरोबर गेल्यावर कोणत्याही किमतीस मिळणार नाहीत.